चोवीस तास म्हणजे चोवीसच! किडनीच्या तपासणीतल्या या चुका टाळा

लॅबच्या काउंटरवर रोज एक तरी माणूस म्हणतो, "लघवी तर साफ होते, मग किडनीची तपासणी कशाला?" अहो, लघवी होणं वेगळं आणि रक्त नीट गाळलं जाणं वेगळं. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला साधारण 180 लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकीचा परत रक्तात ओढून घेतात. गाळणी अर्धी निकामी झाली तरी लघवी भरपूर होऊ शकते.

सगळ्यात मोठा घोळ चोवीस तासांच्या लघवीचा, म्हणजे दिवस-रात्रीची सगळी लघवी कॅनमध्ये साठवून आणायच्या तपासणीचा. साठीचे एक काका, वजन 62 किलो. कॅनमध्ये जेमतेम 650 मिली. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा कचरा) 1.0, पण क्लिअरन्स, म्हणजे मिनिटाला किती मिली रक्त त्यापासून साफ होतं तो आकडा, आला 33! मुलगा डायलिसिसचा खर्च विचारायला लागला. मला शंका आली ती लघवीतल्या दिवसभराच्या एकूण क्रिएटिनिनवरून: 480 मिलिग्रॅम. एवढ्या वजनाच्या पुरुषाचं हजाराच्या आसपास हवं. खोदून विचारल्यावर काका म्हणाले, "दिवसभर शेतावर होतो, तिथं कॅन कुठं नेऊ? बांधावरच..." पुन्हा घेतलं तेव्हा दीड लिटर, 1080 मिलिग्रॅम, क्लिअरन्स 75.

सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि घड्याळ तेव्हापासून लावायचं. पुढची प्रत्येक कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची धरून. सुरुवातीची वेळ मी स्वतः मार्करने कॅनवर लिहितो आणि सांगतो, कॅन बाथरूमच्या दारात अशी ठेवा की पाय अडखळला पाहिजे. एखादी वेळ चुकली तर कॅन ओता आणि नव्याने सुरू करा. भर म्हणून नळाचं पाणी घालून आणणारे महाभागही मी पाहिलेत. त्यांना काय बोलणार?

दुसरी चूक, रिपोर्टवर ठळक अक्षर (मर्यादेबाहेरच्या आकड्याची खूण) नाही म्हणून निश्चिंत होणं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. तेच 1.2 पंचविशीतल्या तरुणाला असेल तर 2021 च्या CKD-EPI सूत्राने ईजीएफआर (क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून काढलेला किडनीच्या गाळण्याचा अंदाज) 86 च्या आसपास. सत्तरीच्या आजींना असेल तर 49. आकडा एकच, पण आजींना डॉक्टरकडे जायलाच हवं. ईजीएफआर छापलेला नसेल तर मागून घ्या, लाजू नका.

आदल्या रात्री मटणावर ताव मारून सकाळी रक्त देऊ नका. जिमवाल्यांनी क्रिएटिनची पावडर घेत असल्याचं आधी सांगावं. लघवीतल्या अल्ब्युमिनसाठी (हे एक प्रथिन) सकाळचा पहिला नमुना. ताप, पाळी किंवा आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम असेल तर पुढे ढकला.

आणि वाईट रिपोर्ट आला की त्याच संध्याकाळी दुसऱ्या लॅबकडे धावणारे! जुनाट आजार म्हणायला बिघाड किमान तीन महिने टिकलेला दिसावा लागतो. पण लघवी एकदम कमी झाली किंवा क्रिएटिनिन दोन दिवसांत चढलं, तर तीन महिने मोजत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.