एडिट नक्की कुठे साठतात? रॉ फोटोंच्या कामात या चुका टाळा

गणेशोत्सव संपला की फोटोग्राफर मित्रांचे फोन सुरू होतात. आगमनापासून विसर्जनापर्यंत कार्डांवर कार्डं भरलेली असतात, मंडळाचे कार्यकर्ते फोटोंसाठी मागे लागलेले असतात आणि नेमकं तेव्हाच लाइटरूम, म्हणजे फोटो लावण्याचं आणि एडिट करण्याचं अडोबीचं सॉफ्टवेअर, उघडल्यावर अर्ध्या फोटोंवर उद्गारचिन्ह दिसतं, फोल्डरवर प्रश्नचिन्ह. "दादा, सगळं एडिटिंग गेलं का?" हा प्रश्न ठरलेला. बहुतेक वेळा उत्तर असतं, "नाही, काहीही गेलेलं नाही. फक्त आता घाईत भलतंच काही करू नकोस."

एडिटिंग जातं ते खरं त्यानंतरच्या घाईत. फोटो दिसत नाहीत म्हणून माणूस तेच फोल्डर पुन्हा इम्पोर्ट करतो, कॅटलॉगमध्ये त्याच फोटोंच्या नव्या, कोऱ्या नोंदी तयार होतात आणि जुन्या नोंदी, ज्यांवर रात्र रात्र काम झालेलं असतं, त्या "हरवलेले फोटो" समजून काढून टाकल्या जातात.

हे टाळायचं तर लाइटरूम क्लासिक काम कसं करतं, ते एकदा नीट समजून घ्यायला हवं. कॅटलॉगमध्ये तुमचे फोटो नसतात. कॅटलॉग म्हणजे एक डेटाबेस. कुठला फोटो कुठल्या डिस्कवर, कुठल्या फोल्डरमध्ये आहे याचा पत्ता त्यात असतो. एक्स्पोजर किती वाढवलं, क्रॉप कुठे केलं, किती स्टार दिले, अशा तुमच्या सगळ्या सूचनाही त्यातच असतात. मूळ रॉ फाइलला, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या डेटाला, कुणी हात लावत नाही. त्यामुळे फोटो एका जागी आणि त्यावरची मेहनत दुसऱ्या जागी, अशी ही व्यवस्था आहे. बहुतेक घोटाळे या दोन जागांची गाठ सुटल्यामुळे होतात.

गाठ सुटते ती सहसा विंडोजच्या एक्स्प्लोररमधून किंवा मॅकच्या फाइंडरमधून फोल्डर हलवल्यामुळे, किंवा त्याचं नाव बदलल्यामुळे. म्हणून फोल्डर हलवायचं असेल तर लाइटरूमच्या आतूनच हलवा. आधीच हलवून झालं असेल तर प्रश्नचिन्ह आलेल्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'फाइंड मिसिंग फोल्डर' निवडा आणि नवी जागा दाखवा. सगळे एडिट जागच्या जागी परत येतात. एखादाच फोटो हरवला असेल तर त्याच्यावरच्या उद्गारचिन्हावर क्लिक करून 'लोकेट' करा. तिथेच आजूबाजूचे हरवलेले फोटोही शोधण्याचा पर्याय असतो, त्यावर टिक राहू द्या. विंडोजवर आणखी एक कारण वारंवार सापडतं. बाहेरची हार्ड डिस्क काल 'ई' ड्राइव्ह होती, आज पेनड्राइव्ह आधी लावल्यामुळे ती 'एफ' झाली. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या डिस्कला वर्णमालेतलं शेवटाकडचं एक अक्षर कायमचं देऊन टाका.

बॅकअप घेतला, पण कशाचा?

लाइटरूम बंद करताना बॅकअपबद्दल विचारतं, आपण 'बॅकअप' म्हणतो आणि निर्धास्त होतो. हा बॅकअप फक्त कॅटलॉगचा असतो. त्यात एकही फोटो नसतो. शिवाय जागा बदलली नाही तर तो मूळ कॅटलॉगच्या शेजारच्याच फोल्डरमध्ये पडतो. म्हणजे डिस्क गेली की कॅटलॉगही गेला आणि त्याचा बॅकअपही. बॅकअपची जागा त्या प्रश्नाच्या चौकटीतच बदलता येते. ती दुसऱ्या डिस्कवर न्या आणि रॉ फोटोंची प्रत वेगळी घ्या.

सोबत कॅटलॉग सेटिंग्जमधला एक्सएमपी फाइलमध्ये बदल आपोआप लिहिण्याचा पर्याय चालू करा. मग प्रत्येक रॉ फाइलशेजारी एक छोटी फाइल तयार होते आणि एडिट, स्टार, कीवर्ड तिच्यातही लिहिले जातात. डीएनजी (अडोबीचा रॉ फाइलचा प्रकार) आणि जेपेगमध्ये ही माहिती फाइलच्या आतच जाते. उद्या कॅटलॉग बिघडला तरी मुख्य मेहनत वाचते. मात्र कलेक्शन (तुम्ही बनवलेले फोटोंचे गट), व्हर्च्युअल कॉपी (एकाच फोटोच्या वेगळ्या एडिटच्या नोंदी) आणि एडिटची पायरीपायरीची हिस्ट्री एक्सएमपीत येत नाही. म्हणून एक्सएमपी आहे या भरवशावर कॅटलॉगचा बॅकअप सोडू नका.

काम चालू असताना वीज गेली, मशीन बंद पडलं आणि नंतर कॅटलॉग उघडेना, तो दुसऱ्या कुणी उघडला आहे असा निरोप आला, तर आधी लाइटरूम पूर्ण बंद असल्याची खात्री करा. मग कॅटलॉगच्या फोल्डरमध्ये नावाच्या शेवटी 'लॉक' असलेली फाइल शोधून फक्त तेवढीच काढा. तिच्याजवळ 'जर्नल' किंवा 'वॉल' अशा शेवटाची फाइल दिसली तर तिला हात लावू नका. शेवटच्या क्षणी लिहायचे राहिलेले बदल तिच्यात असू शकतात आणि पुढच्या वेळी उघडताना लाइटरूम ते उचलतं. कचरा समजून हीच फाइल उडवणारे मी पाहिले आहेत. डेस्कटॉपवर काम करत असाल तर यूपीएसवर खर्च करा, नव्या प्रीसेट पॅकवर (तयार एडिट सेटिंग्जच्या संचावर) नंतर.

कॅटलॉग गूगल ड्राइव्हच्या किंवा ड्रॉपबॉक्सच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवून घरी आणि स्टुडिओत दोन्हीकडे उघडणं हाही धोक्याचा मार्ग आहे. एका जागी सिंक पूर्ण व्हायच्या आत दुसरीकडे उघडला तर एकाच डेटाबेसच्या दोन फुटलेल्या प्रती तयार होतात. दोन मशीनवर काम असेल तर कॅटलॉग एका छोट्या एसएसडीवर ठेवा आणि ती सोबत न्या. बॅकअप तर हवाच, कारण विरार लोकलच्या गर्दीत बॅग कुठल्या कुठे दाबली जाते.

आणि मुंबईत राहून एक गोष्ट विसरता येत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तळमजल्यावरची घरं आणि दुकानं पाण्याखाली गेली. फोटोंच्या दोन्ही प्रती एकाच टेबलावर असतील तर त्या दोन प्रती नव्हेत. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर, हा नियम जगभर पाळला जातो. आपल्याकडे क्लाउडवर अपलोड करणं परवडत नसेल तर तिसरी डिस्क चौथ्या मजल्यावरच्या मावशीकडे ठेवा, नाहीतर सुट्टीत गावी जाताना घेऊन जा.

कार्ड रिकामं करताना

बऱ्याच कॅमेऱ्यांचा फाइल क्रमांक ९९९९ वर गेला की पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. दहा दिवसांच्या उत्सवात, त्यात दोन कॅमेरे असतील तर, एकाच नावाचे दोन फोटो सहज तयार होतात. हाताने कॉपी करताना 'रिप्लेस' दाबलं गेलं की आधीचा फोटो कायमचा जातो. इम्पोर्ट करतानाच वर्ष, महिना, दिवस, वेळ आणि कॅमेऱ्याची खूण अशा क्रमाने नाव बदलून घ्या.

कार्ड फॉरमॅट करायची घाई नको. छोटं चित्र नीट दिसतं म्हणजे फाइल नीट आहे असं नाही. रॉ फाइलमध्ये कॅमेऱ्याने बनवलेलं एक जेपेग चित्र आधीपासून असतं आणि सुरुवातीला तेच दिसतं. मूळ डेटा खराब असला तरी हे चित्र छान दिसू शकतं. इम्पोर्ट झाल्यावर '१:१ प्रीव्ह्यू' तयार करायला लावा. तेव्हा सॉफ्टवेअर प्रत्येक रॉ पूर्ण वाचतं आणि बिघडलेली फाइल लगेच उघडी पडते. कार्ड अजून हातात असेल तर दुसऱ्या रीडरने पुन्हा कॉपी करता येते.

दोन फोटोग्राफरांचे कॅमेरे वेगवेगळी वेळ दाखवत असतील तर फोटो क्रमाने लावणं ही शिक्षाच असते. लग्नात यावर सोपा उपाय आहे. अंतरपाट दूर होतो तो क्षण दोन्ही कॅमेऱ्यांत असतोच. दुसऱ्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो निवडा, तो क्षण पुढे ठेवा आणि 'एडिट कॅप्चर टाइम'मध्ये पहिल्या कॅमेऱ्याची वेळ द्या. बाकीचे फोटो तेवढ्याच फरकाने सरकतात. इम्पोर्ट करतानाच नावात वेळ घातली असेल तर हे झाल्यावर नावं पुन्हा बदलून घ्या.

एकावर केलं, शंभरावर झालं

'ऑटो सिंक' चालू राहणं ही डेव्हलप मॉड्यूलमधली सर्वांत महागडी चूक म्हणावी लागेल. तळाशी उजवीकडे छोटा स्विच असतो. तो चालू असेल आणि खाली पट्टीत ऐंशी फोटो निवडलेले असतील, तर एका फोटोवर केलेलं क्रॉप ऐंशींवर लागतं. लगेच लक्षात आलं तर अनडू पुरतं. उशिरा कळलं तर प्रत्येक फोटोची हिस्ट्री मागे न्यावी लागते. त्यापेक्षा साधं 'सिंक' वापरा. ते काय काय लावायचं हे विचारतं, तिथे क्रॉप आणि मास्क यांवरची टिक काढा.

रॉ फोटो लाइटरूममध्ये आल्यावर फिका दिसतो म्हणून सगळ्यांवर एकच भडक प्रीसेट मारणं हे याचंच भावंड. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दिसलं ते कॅमेऱ्याने स्वतःच्या चवीने बनवलेलं जेपेग होतं. ते रंग हवे असतील तर प्रोफाइलच्या यादीत 'कॅमेरा मॅचिंग' गटातले प्रोफाइल बघा. पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं.

गुलाल आणि शेंदूर

या विषयावर मला थोडं थांबायचं आहे, कारण मुंबईतल्या उत्सवाचे फोटो सर्वाधिक इथे बिघडतात. लालबागमध्ये गुलाल उधळला जातो, प्रत्यक्षात त्याचे कण हवेत तरंगताना दिसतात, एकेका कणाला उजेड लागलेला असतो. मंडळाच्या पानावर मात्र तोच फोटो एका सपाट गुलाबी-लाल डागासारखा दिसतो.

हे दोन टप्प्यांवर घडतं. पहिला शूटिंगच्या वेळी. तिथे एकूण उजेडाचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पाहून समाधान मानलं जातं. तो मध्येच थांबलेला असतो, पण लाल चॅनेल कधीच उजव्या भिंतीला धडकलेला असतो. कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा हिस्टोग्राम चालू करा. तोही जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे रॉमध्ये थोडी जास्त जागा असते, पण तिच्यावर विसंबून राहू नका. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक चॅनेलला १६,३८४ पायऱ्या असतात आणि जेपेगमध्ये २५६, हे खरंच. तरीही सेन्सर भरून गेला की शेवटच्या पायरीपुढे काहीच नोंदलं जात नाही आणि कुठलंही सॉफ्टवेअर ते परत आणू शकत नाही. मंडपातल्या निळ्या-जांभळ्या एलईडीखाली निळ्या चॅनेलची हीच गत होते.

दुसरा टप्पा एक्स्पोर्टचा. लाइटरूम आतमध्ये खूप रुंद रंगपट्ट्यात, म्हणजे रंगांच्या मोठ्या आवाक्यात, काम करतं. मोबाइलसाठी आपण फोटो एसआरजीबीत काढतो आणि तो पट्टा अरुंद असतो. गुलालाच्या गडद छटा त्यात मावत नाहीत, सगळ्या कडेला जाऊन एकच होतात आणि कण नाहीसे होतात. डेव्हलपमध्ये 'एस' दाबून सॉफ्ट प्रूफिंग (एक्स्पोर्टनंतर फोटो कसा दिसेल त्याची झलक) चालू करा, एसआरजीबी निवडा आणि रंगपट्ट्याबाहेरच्या भागाचा इशारा चालू ठेवा. मग एकूण एक्स्पोजर थोडं खाली घ्या, लाल आणि मॅजेंटाचं सॅच्युरेशन हळूहळू कमी करा, इशारा विरळ होईपर्यंत. 'न्यूट्रल' प्रोफाइलने सुरुवात केली तर काम आणखी सोपं. फोटो अंमळ शांत होतो, पण गुलाल पुन्हा गुलालासारखा दिसतो, त्याला पोत येतो. बाप्पाच्या मूर्तीवरच्या शेंदरी आणि सोनेरी भागालाही हीच काळजी घ्या. मूर्तिकाराने छटा देण्यात जे आठवडे घातलेले असतात, ते एका व्हायब्रन्सच्या पट्टीने पुसले जाऊ नयेत.

एसआरजीबी टाळून अडोबी आरजीबी किंवा प्रोफोटोत फोटो पाठवणं हा त्यावरचा उपाय नाही. फोटोतला रंगांचा प्रोफाइल न वाचणाऱ्या अॅपमध्ये ते फोटो मळकट दिसतात. छपाईसाठी मात्र लॅबला त्यांचा रंगांचा प्रोफाइल विचारा. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायचेच असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तुमची निगुतीने केलेली छटा कॉम्प्रेशनमध्ये जाते.

सॉफ्टवेअर बदलताना

दरमहाचं भाडं नको म्हणून बरेच जण डार्कटेबल किंवा रॉथेरपीकडे वळतात. दोन्ही फुकट आहेत आणि चांगली आहेत. चूक होते ती एक्सएमपी आहे म्हणजे एडिटही जसेच्या तसे येतील असं समजण्यात. स्टार आणि कीवर्ड येतात. रंगांचं काम जसंच्या तसं येत नाही, कारण प्रत्येक सॉफ्टवेअरचं गणित वेगळं आहे. डार्कटेबल स्वतःची एक्सएमपी वेगळ्या नावाने लिहितं, रॉथेरपी स्वतःच्या पीपी३ फाइलमध्ये. कॅप्चर वन या आणखी एका सॉफ्टवेअरमध्ये सेशन (एका कामापुरतं वेगळं फोल्डर) करून काम केलं तर एडिट त्या सेशनच्या फोल्डरमध्येच राहतात आणि फोल्डर उचलून दुसऱ्या मशीनवर नेता येतं. झवेरी बाजारातल्या दागिन्यांसारख्या, एका दिवसात सुरू होऊन संपणाऱ्या कामाला मला ते सोयीचं वाटतं. जुना लाइटरूम नव्या कॅमेऱ्याच्या रॉ उघडत नसेल तर अडोबीचा फुकट मिळणारा डीएनजी कन्व्हर्टर वापरा.

जुनं सॉफ्टवेअर सोडण्याआधी निवडक फोटो १६ बिट टिफमध्ये काढून रॉसोबत ठेवा. मुंबईतल्या मंडळांना मोठा इतिहास आहे. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीचा उत्सव १८९३ पासूनचा आहे. वर्धापनवर्ष आलं की स्मरणिका निघते आणि जुन्या फोटोंची मागणी येते. त्या वेळी फोटो सापडायला हवेत, म्हणून मंडळाचं नाव, वर्ष आणि मूर्तिकाराचं नाव कीवर्डमध्ये इम्पोर्टच्या दिवशीच घाला. देवनागरी की रोमन, हे एकदाच ठरवा, दुसरं रूप त्याच कीवर्डच्या 'सिनोनिम' रकान्यात लिहा. नाहीतर अर्धे फोटो एका स्पेलिंगखाली आणि अर्धे दुसऱ्याखाली राहतात, आणि शोधताना अर्धेच हाती लागतात.