उंदरांवरचा रीलॅप्सचा (सोडलेलं व्यसन परत लागण्याचा) पेपर वाचताना नेमकं काय बघायचं

"व्यसनाची आठवण मेंदूतून पुसली" अशी हेडलाईन आली की ती धडाधड शेअर होते, आणि ज्यांच्या घरात कोणी व्यसन सोडायला धडपडतंय त्यांना वाटतं चला, आता औषध आलंच. त्यांच्यासाठीच हे लिहितोय. हेडलाईनवर थांबू नका, मूळ संशोधनाचा पेपर उघडा, बायोलॉजी शाळेपुरतीच झाली असेल तरी जमतं, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं.

आधी मेथड्सचा (प्रयोग कसा केला याचा) भाग काढा आणि बघा की ड्रग प्राण्याने स्वतः घेतलं की त्याला टोचलं. सेल्फ-ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे प्राणी स्वतः ड्रग घेतो त्या प्रकारात, उंदराच्या शिरेत बारीक नळी बसवलेली असते, तो लिव्हर (छोटी दांडी) दाबतो, डोस मिळतो, सोबत दिवा लागतो किंवा आवाज होतो. दुसऱ्या प्रकारात इंजेक्शन देऊन एका ठराविक कप्प्यात ठेवतात आणि मग तो त्या कप्प्यात किती वेळ रेंगाळतो ते मोजतात. हा फरक किरकोळ समजू नका. 2001 मध्ये दिसलं की कोकेनच्या एका इंजेक्शननेसुद्धा मिडब्रेनमधल्या (मेंदूच्या मधल्या भागातल्या) डोपामिन पेशींवरचे सायनॅप्स, म्हणजे एका पेशीकडून दुसरीकडे निरोप जातो ते सांधे, बळकट होतात, पण हा बदल पाचव्या दिवशी होता आणि दहाव्या दिवशी नव्हता. 2008 च्या प्रयोगात मात्र स्वतः लिव्हर दाबून कोकेन घेतलेल्या उंदरांत तो तीन महिन्यांनी पण सापडला, आणि ज्यांना काही न करता कोकेन मिळत होतं त्यांच्यात टिकला नाही. म्हणजे नुसतं ड्रग नाही, ते मिळवायला शिकणं सायनॅप्समध्ये कोरलं जातं.

मग रीलॅप्स कसा मोजला ते बघा. साधारणपणे लिव्हर दाबून काहीच मिळत नाही असं बरेच दिवस चालतं, उंदीर दाबणं सोडतो, आणि मग तीनपैकी एक धक्का देतात: ड्रगचा छोटा डोस, जुना दिवा-आवाज, किंवा ताण, म्हणजे पायाला सौम्य शॉक. यातला कुठला धक्का दिला ते लिहून ठेवा, कारण तिघांचे मेंदूतले रस्ते अगदी एकच नाहीत आणि एकाचा निकाल दुसऱ्याला चिकटवता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ड्रग बंद केल्यापासून कितवा दिवस. आपल्याला वाटतं जितके दिवस जातील तितकी ओढ कमी, पण ग्रिम, शाहम आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवलं की कोकेन बंद केल्यावर खुणेसाठी (म्हणजे त्या जुन्या दिवा-आवाजासाठी) लिव्हर दाबणं 60 दिवसांपर्यंत वाढतच गेलं. याला इनक्युबेशन म्हणतात. मला तर हे वाचून खूप वाईट वाटलं होतं, कारण "इतके महिने झाले, आता कसली तलफ" हे आपण किती सहज बोलून जातो.

यामागे काय आहे ते समजायला दोन रिसेप्टर (सायनॅप्सवर निरोप पकडणारे रेणू) पुरेत. ॲम्पा हा रोजचा निरोप पोचवणारा, एनएमडीए मात्र पेशी शांत असताना मॅग्नेशियमने बुजलेला असतो. ज्या सायनॅप्सवर फक्त एनएमडीए आहे तो निरोप आला तरी गप्प राहतो, म्हणून सायलेंट सायनॅप्स. कोकेनमुळे न्यूक्लियस अक्युंबन्समध्ये (मेंदूतला बक्षिसाशी जोडलेला भाग) असे नवे सायनॅप्स तयार होतात आणि ड्रग बंद असतानाच्या आठवड्यांत त्यांतल्या बऱ्याच जागी ॲम्पा येऊन बसतात, काही ठिकाणी कॅल्शियम आत सोडणारे वेगळ्या घडणीचे. 2008 मध्ये हेच वेगळे ॲम्पा अक्युंबन्समध्ये अडवले तर वाढलेली ओढ उतरली.

आणि 2020 मध्ये यान डाँग यांच्या गटाने दाखवलेलं तर फारच भारी आहे, जुन्या खुणेने ड्रगची आठवण जागी केली की हेच पिकलेले (ॲम्पा येऊन बसलेले) सायनॅप्स काही वेळ परत सायलेंट होतात आणि साधारण सहा तासांत पुन्हा बोलके होतात, त्या मधल्या वेळात आठवण कच्ची असते. म्हणून "पुसली" असा दावा दिसला की विचारा, आठवण आधी जागी केली होती का, आणि उपाय त्यानंतर किती वेळाने दिला.

पेपरमध्ये सायनॅप्स कुठून कुठे जातो हे पण शोधा. 2014 च्या एका अभ्यासात प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या पुढच्या भागाच्या) एका भागातून अक्युंबन्समध्ये आलेले सायनॅप्स पुन्हा गप्प केले तर ओढ घटली, शेजारच्या भागातून आलेले गप्प केले तर वाढली. नुसतं "सायनॅप्स दुरुस्त केले" याला काही अर्थ नाही.

उपाय प्रकाशाने केलेला असेल तर त्यात पेशींमध्ये जीन घालून मेंदूत प्रकाश नेणारं फायबर बसवलेलं असतं, ते उद्या क्लिनिकमध्ये मिळणार नाही, घरच्यांना हे स्पष्ट सांगा. साखरेच्या गोळीसाठी लिव्हर दाबणारा कंट्रोल ग्रुप (तुलनेसाठीचा गट) आहे का, माद्या होत्या का, हेही पटकन बघून घ्या.

आणि शेवटी, पिंजऱ्यात उंदीर एकटा होता का ते मेथड्समध्ये नक्की शोधा. 2018 मध्ये व्हेनिरो आणि शाहम यांनी उंदरांना मेथॲम्फेटामिन आणि दुसऱ्या उंदराची सोबत यातून निवडायला दिलं, तर त्यांनी जवळजवळ कायम सोबत निवडली, आणि अशा रीतीने ड्रगपासून लांब राहिलेल्यांत ती वाढत जाणारी ओढ दिसली नाही.