संगमरवरावरचा समईच्या तेलाचा डाग असा गेला
देवघरात समईखालच्या मकराण्याच्या (राजस्थानातल्या) संगमरवरी फरशीवर तळहाताएवढा काळपट डाग, कायम ओला वाटणारा. साबण, गरम पाणी, काही नाही. व्हिनेगरने तर भोवतालची चकाकीच गेली. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल त्याला खातं. वर्षभर वैताग!

शेवटी फरशी कोरडी करून खाण्याच्या सोड्यात ॲसिटोन (नेलपॉलिश काढायला वापरतात ते द्रावण) कालवलं, श्रीखंडाइतकं घट्ट. डागाबाहेर बोटभर जाईल असा अर्धा सेंटिमीटर थर दिला. वर प्लास्टिक, कडांना चिकटपट्टी, 24 तास. मग प्लास्टिक काढून लगदा पूर्ण सुकू दिला (घाई इथेच नडते, सुकतानाच तेल वर ओढलं जातं). लाकडी उलथन्याने खरवडून साध्या पाण्याने पुसलं. तिसऱ्या खेपेला डाग गेला.

ॲसिटोन पेटतं, तेव्हा खिडक्या उघड्या आणि समई विझवलेली हवी. व्हिनेगरचा चट्टा मात्र पॉलिशवाल्यानेच काढला.