कॉर्गीचं पिल्लू आणताय? आधी हे बघा
कॉर्गी दिसायला बुटका, पण मूळचा वेल्समधला गुरं हाकणारा कुत्रा, गाईच्या टाचेला दात लावून तिला हलवायचा, त्यामुळे पिल्लू पोरांच्या घोट्याला चावलं तर ते रागाने नसतं, मारू नका, तोंडात खेळणं द्या. 8 आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू घेऊच नका, आणि विकणारे पिल्लाची आई दाखवत नसतील तर सरळ परत या.

पाठीला मात्र खरंच जपा हो! अंग लांब, पाय आखूड, म्हणून सोफ्यावरून उड्या नकोत, उचलताना एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. वजन वाढू देऊ नका, हात फिरवला की बरगड्या जाणवल्या पाहिजेत. केस भरपूर गळतात, रोज ब्रश करा, पण उन्हाळ्यात केस भादरून टक्कल करू नका.