जुनी डिझेल पिकअप ओढत नाही? पंप वाढवण्याआधी या चुका टाळा

यांत्रिक पंपाची (इंजिनाला मोजून डिझेल पुरवणाऱ्या पंपाची) जुनी पिकअप भरल्या मालासह घाटात ओढेनाशी झाली की मालक थेट 'पंप वाढवून द्या' असे सांगतो, आणि पुढचे बरेच नुकसान या एका मागणीतून होते. पंपाचा सीलबंद स्क्रू फिरवून डिझेल वाढते, हवा वाढत नाही. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.५ किलो हवा लागते, आणि सिलिंडरमध्ये दोन्ही मिसळण्यास फार थोडा वेळ मिळत असल्याने प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त हवा असावी लागते. ती नसेल तर वाढीव डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडते, एक्झॉस्ट तापतो आणि लांब चढणीवर पिस्टन व व्हॉल्व्ह यांना त्याची झळ बसते. त्यामुळे पंपाचे सील तोडण्यास माझा ठाम विरोध आहे. पंप उतरवायचाच असेल, तर तो टेस्ट बेंचवर (पंप तपासण्याच्या यंत्रावर) कॅलिब्रेट करून, म्हणजे डिझेलचे माप ठरल्याप्रमाणे जुळवून घ्यावा.

त्याआधी इंजिन बंद ठेवून एकाने अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबावा आणि पंपाचा लिव्हर शेवटपर्यंत जातो का, हे दुसऱ्याने पाहावे. केबल सैल असल्यास निम्मी तक्रार इथेच मिटते. एअर फिल्टर, टर्बोचे फाटलेले होज पाइप, जाम होणारे ब्रेक आणि घसरणारा क्लच हेही याच वेळी पाहून घ्यावेत.

डिझेल गळत नाही म्हणजे पाइप ठीक आहेत, हा समज चुकीचा आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपापर्यंतच्या) भागात ओढ असते, त्यामुळे तिथल्या सैल जोडातून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. गाडी सकाळी उशिरा सुरू होते आणि रेस दिल्यावर अडखळते. त्या भागात पारदर्शक पाइपचा तुकडा तात्पुरता जोडल्यास बुडबुडे स्पष्ट दिसतात.

एकच सिलिंडर मिसिंग (नीट पेट घेत नसलेला) असताना डिझेल फवारणारे चारही नोझल बदलणे हा अनाठायी खर्च आहे. इंजिन आयडलला ठेवून, डोळ्यांवर चष्मा लावून आणि नटाभोवती जाड फडके धरून, एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करावा. ज्या सिलिंडरवर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, दोष त्यातच आहे. नोझल बसवताना जुना तांब्याचा वायसर (वॉशर) पुन्हा वापरू नये आणि दोन वायसर तर कधीच घालू नयेत, कारण नोझलची खोली बदलली की फवारा पिस्टनच्या खड्ड्यात नेमक्या जागी पडत नाही. तपासणीच्या वेळी फवाऱ्यासमोर हात मुळीच नेऊ नये; तो दाब कातडी भेदून डिझेल आत घुसवतो आणि जखम लहान दिसली तरी ताबडतोब रुग्णालयात जावे लागते.

टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) आवाज बंद व्हावा म्हणून त्याची व्हॉल्व्हपाशी ठेवलेली गॅप कमी करणे तितकेच घातक असते, कारण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटते आणि व्हॉल्व्हची कड जळते. सिलिंडर १-३-४-२ या क्रमाने पेटणाऱ्या इंजिनात चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलू लागतात तेव्हा पहिल्याचे टॅपेट सेट करावेत. गॅप थंड इंजिनावर घ्यायचा की गरम, हे त्या मॉडेलच्या पुस्तिकेनुसारच ठरवावे.

इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकण्याची पद्धत सर्रास दिसते. त्याने रेडिएटरमधील गाळ जात नाही. हलक्या भाराला इंजिन थंडच चालते, डिझेल जास्त लागते आणि लायनर (सिलिंडरची आतली नळी) लवकर झिजतात. रेडिएटर आतून साफ करून, पाण्याचा पंप व फॅन बेल्ट तपासून, योग्य तापमानाचा थर्मोस्टॅट परत बसवावा.