शून्य आला म्हणून गोळी बंद करू नका: मधुमेह आणि हृदयाचा कॅल्शियम स्कोअर

हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये हल्ली कॅल्शियम स्कोअर सर्रास दिसतो. शुगर असलेल्या माणसाला तर तो काउंटरवरच सुचवतात. तपासणी म्हणून त्यात खोट काही नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेलं कॅल्शियम मोजणारा काही मिनिटांचा सीटी स्कॅन, इंजेक्शन नाही, रेडिएशन साधारण १ मिलिसीव्हर्ट. गोंधळ सुरू होतो तो आकडा घरी आल्यावर. शून्य आला तर पेढे आणि गोळ्या बंद. चारशे आला तर त्याच रात्री ओळखीपाळखीतून कार्डिऑलॉजिस्टचा नंबर शोधायला सुरुवात.

चाळिशी ओलांडलेल्या डायबेटिसच्या पेशंटने औषध घ्यायचं की नाही, हे ठरवण्यासाठी हा आकडा नाहीच. उपचार किती कडक हवेत, हे ठरवायला तो मदत करतो. पुढच्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

चूक: स्कोअर म्हणजे ब्लॉकेजचे टक्के समजणं

पन्नाशीच्या आतले एक गृहस्थ फाइल टेबलावर ठेवतात. "डॉक्टर, नव्वद टक्के ब्लॉकेज आलंय." फाइल उघडावी तर आत लिहिलेलं असतं: एकूण स्कोअर ६४, पर्सेंटाइल ९०. म्हणजे त्यांच्या वयाच्या शंभर पुरुषांना ओळीत उभं केलं, तर साधारण नव्वद जणांचा स्कोअर त्यांच्यापेक्षा कमी भरेल. रक्तवाहिनी किती बंद आहे, याबद्दल त्या ९० मध्ये एक अक्षर नाही.

स्कोअर काढतात कसा, ते एकदा पाहिलं की ही गल्लत होत नाही. पद्धत आर्थर अ‍ॅगॅटस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबी साठते, तिथे सूज धुमसत राहते आणि त्या साठ्यात हळूहळू कॅल्शियम बसतं. सीटीवर १३० हाउन्सफील्ड युनिट (दाटपणा मोजायचं एकक) किंवा त्याहून दाट दिसणारा ठिपका कॅल्शियम म्हणून धरायचा. त्याचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये घ्यायचं आणि दाटपणाप्रमाणे त्याला १ ते ४ ने गुणायचं. ८ चौरस मिलिमीटरचा ठिपका आणि दाटपणाचा गुणक ३, तर झाले २४. प्रत्येक छेदातल्या, प्रत्येक ठिपक्याची अशी बेरीज म्हणजे तुमचा स्कोअर. त्यामुळे तो शंभराच्या वर जातो, हजाराच्याही वर जातो. ढोबळमानाने ० चांगला, १ ते ९९ म्हणजे सुरुवात झालीय, १०० ते ३९९ मध्यम साठा आणि ४०० पासून पुढे भरपूर.

पर्सेंटाइलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट रिपोर्टवर छापलेली नसते. हे तक्ते बहुतेक वेळा अमेरिकेतल्या 'मेसा' नावाच्या अभ्यासावरून घेतलेले असतात. त्यात गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाचे लोक होते, भारतीय वंशाचा गट नव्हता. शिवाय ज्यांचा डायबेटिसवर उपचार चालू होता, त्यांना तक्ते बनवताना वगळलं होतं. म्हणजे तुमची तुलना डायबेटिसची औषधं न घेणाऱ्या परदेशी माणसांशी होते आहे. दक्षिण आशियाई लोकांसाठी २०१० मध्ये 'मसाला' नावाचा वेगळा अभ्यास सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो भागात सुरू झाला. त्यात आपल्याकडच्या पुरुषांमधलं कॅल्शियम गोऱ्या पुरुषांच्या बरोबरीचं आणि बाकीच्या गटांपेक्षा जास्त दिसलं. शाकाहारी आहोत म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

चूक: शून्य आला की स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) बंद

सगळ्यात महागात पडू शकणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबतो.

शून्य ही चांगली बातमी आहेच. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दहा हजारांहून जास्त लोकांचे स्कोअर पाहिले होते, त्यात ९०३ जणांना डायबेटिस होता. शून्य स्कोअर असलेले मधुमेही आणि शून्य स्कोअर असलेले बिगरमधुमेही, दोघांचं पाच वर्षांतलं जगण्याचं प्रमाण जवळपास सारखं निघालं. शुगर आहे म्हणजे प्रत्येकाचं हृदय आधीच गेलेलं आहे ही समजूत त्यामुळे सैल झाली.

पण याच शून्याला मर्यादा आहेत. कॅल्शियम हा साठा जुना झाल्याची खूण आहे. नवा, मऊ, चरबीने भरलेला साठा या स्कॅनमध्ये दिसत नाही आणि हार्ट अटॅकच्या वेळी फुटतो तो बऱ्याचदा असाच मऊ साठा असतो. दुसरं, डायबेटिस असताना आजचा शून्य लवकर शिळा होतो. म्हणून पुन्हा तपासायचं तर ३ ते ५ वर्षांनी असं सुचवतात. डायबेटिस नसलेल्यांना त्याहून जास्त सवलत मिळते.

अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ मध्ये कोलेस्टेरॉलविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. कॅल्शियम शून्य असेल तर स्टॅटिन लांबणीवर टाकायला हरकत नाही, असं त्यात म्हटलंय खरं. व्हॉट्सअ‍ॅपवर हेच वाक्य फिरतं. त्याला जोडलेला अपवाद मात्र फिरत नाही: डायबेटिस असेल, सिगारेट चालू असेल किंवा घरात कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर ही सवलत नाही. त्याच सूचनांप्रमाणे ४० ते ७५ वयाच्या मधुमेहींना स्टॅटिन लागू आहेच, स्कोअर काढा किंवा काढू नका.

उलट्या बाजूची चूकही तितकीच नेहमीची. स्कोअर २५० आहे, तरी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन या स्टॅटिनची १० ची गोळी वर्षानुवर्षं तशीच चालू. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ९८, "नॉर्मलमध्ये आहे ना?" लॅबच्या कागदावरचं नॉर्मल सरसकट सगळ्यांसाठी असतं. डायबेटिस आणि त्यासोबत धोक्याची आणखी कारणं असतील तर एलडीएल ७० च्या खाली हवं आणि मूळ पातळीपेक्षा निम्म्याने तरी कमी व्हायला हवं. अशा वेळी डोस वाढवायचा की इझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचं दुसरं औषध जोडायचं, हा प्रश्न डॉक्टरांना विचारा. ज्या स्कोअरने हा प्रश्न पुढे आणला, त्या स्कोअरचे पैसे वसूल झाले म्हणायचे.

चूक: त्रास होत असताना कॅल्शियम स्कोअर काढत बसणं

ही तपासणी त्रास नसलेल्या माणसासाठी आहे. जिना चढताना धाप लागते, छाती भरून येते, जबडा किंवा डावा हात दुखतो, तर रांग वेगळी: आधी डॉक्टर, ईसीजी आणि ते सांगतील ती पुढची तपासणी. डायबेटिसमध्ये नसा बधिर झालेल्या असू शकतात, त्यामुळे छातीत कळ न येता नुसता घाम, अचानक आलेला थकवा, मळमळ किंवा धाप एवढ्यावरच हार्ट अटॅक येऊन जातो. आपल्याकडे त्याला 'गॅस' म्हणून सोडा-लिंबू देतात. असं अचानक झालं तर १०८ ला फोन करा. मागच्या वर्षीचा शून्य स्कोअर अशा वेळी कुणाला दाखवून उपयोग नाही.

चूक: चारशे आला, चला अँजिओग्राफी

मोठा आकडा बघून घाबरणं साहजिक आहे, पण साठा किती आहे आणि रक्त अडतंय का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्रास नसलेल्या मधुमेहींची सरसकट स्ट्रेस इमेजिंग (हृदयावर ताण देऊन रक्तपुरवठा बघणारा स्कॅन) करून फायदा होतो का, हे 'डायॅड' अभ्यासात ११२३ जणांवर पाहिलं. जवळपास पाच वर्षांनी तपासलेल्या आणि न तपासलेल्या गटांत हार्ट अटॅक आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू सारखेच होते. 'बारी टू-डी' या चाचणीत २३६८ मधुमेही होते, सगळ्यांना हृदयविकार सिद्ध झालेला, पण प्रकृती स्थिर. लगेच स्टेंट किंवा बायपास केलेले आणि आधी औषधांवर ठेवलेले, यांच्या मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. बायपास करण्याइतका पसरलेला आजार होता त्या गटात मात्र ऑपरेशनने हार्ट अटॅक कमी झाले, तेव्हा सगळे स्टेंट-बायपास फसवे असा अर्थ काढू नका.

मोठ्या स्कोअरनंतर काय करायचं, तर स्टॅटिनचा डोस, रक्तदाब १३०/८० च्या खाली, तंबाखू-मिश्री-सिगारेट बंद, लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी, आणि शुगरच्या गोळ्यांमध्ये हृदयाला फायदा देणारी गोळी बसते का हे विचारणं. स्कोअर फारच मोठा असेल, ईसीजीत बदल असेल किंवा चालण्याची ताकद घटली असेल, तर पुढची तपासणी हवी की नाही ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवावं. पॅकेज विकणाऱ्याने नव्हे.

अ‍ॅस्पिरिन मात्र मनाने सुरू करू नका. २०१८ च्या 'असेंड' चाचणीत १५,४८० मधुमेहींमध्ये अ‍ॅस्पिरिनने हृदय-मेंदूचे झटके १२ टक्क्यांनी कमी केले आणि गंभीर रक्तस्राव २९ टक्क्यांनी वाढवले.

चूक: दूध आणि कॅल्शियमच्या गोळ्या बंद करणं

रक्तवाहिनीतलं कॅल्शियम दुधातून थेट जाऊन बसत नाही. रक्तातल्या कॅल्शियमच्या तपासणीशीही या स्कोअरचा संबंध नाही. तो आकडा नॉर्मल असतानाही स्कोअर हजार येतो. हाडांसाठी गोळी चालू असेल, तर ज्यांनी ती दिली त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

'ऑपरेशनशिवाय ब्लॉकेज विरघळवा' म्हणत सलाइनमधून देणारी चीलेशन थेरपी गावोगावी विकली जाते. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या मधुमेहींवरच तिची नीट चाचणी झाली, निकाल २०२४ मध्ये आला. हार्ट अटॅक, स्ट्रोक, मृत्यू, काहीच कमी झालं नाही. ती सलाइनं हजारो रुपयांची असतात.

चूक: दरवर्षी स्कॅन करून आकडा उतरण्याची वाट बघणं

एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) उतरतं तसा हा स्कोअर उतरत नाही. स्टॅटिन व्यवस्थित चालू असताना तो थोडा वाढतोसुद्धा, कारण मऊ साठा आक्रसून टणक होतो. जखमेवर खपली धरावी तसं. "गोळीने कॅल्शियम वाढलं" म्हणून गोळी सोडणारे लोक नेमकं जे घडायला हवं होतं त्यालाच घाबरतात. स्टॅटिन घेणाऱ्याने गोळी लागू पडतेय का ते एलडीएलवरून बघायचं.

स्कॅनच्या दिवशीच्या बारीकसारीक गोष्टी

उपाशी जायची गरज सहसा नसते. ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, 'स्कॅन आहे' म्हणून नाश्ता टाळला की सेंटरच्या बाकावरच शुगर उतरते. सकाळचा चहा-कॉफी टाळा, ठोके शांत राहिले तर चित्र स्वच्छ येतं. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी आणि क्रिएटिनिन ही किडनीची तपासणी यांची चर्चा डाय टोचून करायच्या सीटी अँजिओग्राफीसाठी असते, यासाठी नाही. चित्रात फुप्फुसाचा भागही येतो, त्यामुळे जुन्या टीबीचा एखादा डाग रिपोर्टमध्ये निघू शकतो. घाबरून न जाता तो दाखवून घ्या.

स्टेंट बसलाय, बायपास झालीय किंवा हार्ट अटॅक येऊन गेलाय, त्यांनी ही तपासणी करू नये. आजार आहे हे ठरलेलंच आहे, उपचार कडकच हवेत.

आणि नवीन स्कॅनचे पैसे भरण्याआधी कपाटातली कोविडच्या वेळची फाइल काढा. २०२०-२१ मध्ये छातीचे एचआरसीटी घरोघरी झाले, तेव्हा सगळ्यांचं लक्ष फुप्फुसाच्या २५ पैकी स्कोअरवर होतं. त्याच रिपोर्टच्या खालच्या ओळींत कधीकधी 'कोरोनरी कॅल्सिफिकेशन' असं लिहिलेलं असतं. त्यातून अ‍ॅगॅटस्टनचा नेमका आकडा मिळत नाही, पण कॅल्शियम आहे एवढं कळतं. चाळिशीपुढे डायबेटिस असून स्टॅटिन अजून सुरूच झालेलं नसेल, तर ती ओळ अधोरेखित करून पुढच्या व्हिजिटला सोबत न्या.