पावसाळ्यातील विषारी वनस्पतींची ओळख : ठाणे व नवी मुंबई परिसरातील शेतकऱ्यांसाठी सल्ला

पहिला दमदार पाऊस झाला की मुरबाड, शहापूर आणि भिवंडीकडील बांधांवर व माळांवर रानभाज्या उगवतात आणि ठाणे, वाशी, नेरूळच्या बाजारांत शेवळाच्या जुड्या दिसू लागतात. मात्र त्याच जमिनीतून, त्याच आठवड्यांत विषारी वनस्पतीही वर येत असल्याने, भाजी खुडण्यापूर्वी संपूर्ण झाड पाहण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. केवळ पानाच्या आकारावरून केलेली ओळख पुरेशी नसते.

सर्वाधिक काळजी कळलावी या विषारी वेलीबाबत घ्यावी. कोवळी असताना तिची लांबट पाने फोडशी या रानभाजीच्या पानांसारखी भासू शकतात, परंतु फोडशीची सर्व पाने थेट जमिनीलगत गड्ड्यापासून फुटतात, तर कळलावीला खोड असते आणि पाने त्या खोडावर येतात. वेल वाढल्यावर वरच्या पानांची टोके ताणाप्रमाणे (वेलीच्या आधार पकडणाऱ्या दोऱ्यासारख्या भागाप्रमाणे) वळून आधाराला गुंडाळतात. खालच्या पानांना मात्र असे ताण नसतात, म्हणून ताण दिसला नाही एवढ्यावर विसंबू नये. श्रावण-भाद्रपदात लाल-पिवळी फुले आली की ती सहज ओळखता येते आणि गौरीपूजनासाठी ही फुले घरोघरी आणलीही जातात. त्या वेळी ती लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नयेत. या वनस्पतीच्या सर्वच भागांत कोल्चिसीन हे विष असते आणि कंदात ते विशेष असते. कणघर किंवा करांदे हे खाण्याचे कंद खणताना नांगराच्या फाळासारखा दुभंगलेला कंद हाती लागल्यास तो बाजूला काढून खोल पुरावा. उलट्या व जुलाब काही तासांनी सुरू होत असल्याने, खाल्ल्यावर लगेच त्रास झाला नाही म्हणून निर्धास्त राहणे धोक्याचे आहे.

शेवळाचा कोंब येतो तेव्हा त्याच्यासोबत पान नसते, ही त्याची खूण लक्षात ठेवावी; पानासह फूल आलेले दिसल्यास तो विषारी सापकांदा असू शकतो. शेवळातही कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक असल्यामुळे आतील पिवळा भाग काढून, काकडे (काकड झाडाची आंबट फळे) किंवा चिंच घालून पूर्ण शिजवल्याखेरीज ते खाऊ नये. नव्या ग्राहकाला विक्रेत्याने हे आवर्जून सांगावे.

कुंपणाला लावलेल्या मोगली एरंडाच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, आणि कडू नाही म्हणजे विष नाही, हा समज मुलांना महागात पडतो. शाळेच्या वाटेवर किंवा अंगणवाडीजवळ असे कुंपण असल्यास ते काढून टाकणेच योग्य.

गुरे खातात म्हणून वनस्पती माणसाला चालेल, हेही खरे नाही. शिवाय चाऱ्याची टंचाई असताना गुरे घाणेरी (टणटणी) हे झुडूप खातात, तेव्हा यकृतास इजा होऊन उन्हात त्यांची कातडी सोलवटते. अशा जनावरास सावलीत बांधून पशुवैद्यकाला बोलवावे. रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास स्वच्छ पाण्याने किमान 15 मिनिटे डोळे धुवावेत व नंतर डॉक्टरांना दाखवावे.

विषबाधेची शंका येताच, रुग्णाला बळेच उलटी करायला न लावता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि खाल्लेल्या वनस्पतीचे पान, फळ किंवा कंद पिशवीत घालून रुग्णालयात सोबत न्यावे.